जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

विंडोज १० ला मिळणारा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. २९ जुलै २०१५ रोजी आलेल्या या आवृत्तीला दहा वर्षांहून थोडे अधिक आयुष्य लाभले, आणि संपण्याचा दिवस उजाडला तेव्हा कोणाचाही संगणक बंद पडला नाही. ही तारीख फसवी ठरते ती याचमुळे. यंत्र कालच्यासारखेच सुरू होते, फायली उघडतात, प्रिंट निघते. फक्त यापुढे सुरक्षेत जी भोके सापडतील ती बुजवली जाणार नाहीत, आणि ती सापडल्याचे आपल्याला कळणारही नाही. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत जाहीर केली आहे, पण त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते. विंडोज ११ वर जायचे म्हटले तर टीपीएम २.० ही चिप, सिक्युअर बूट (यंत्र सुरू होताना फक्त मान्यताप्राप्त सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) आणि इंटेलचा असल्यास साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर हवा. या अटी निव्वळ आडमुठेपणाच्या आहेत असे मी म्हणणार नाही, कारण कूटलेखनाच्या किल्ल्या प्रोसेसरपासून वेगळ्या जागी जपून ठेवण्यामागे खरे कारण आहे. मात्र आठव्या पिढीचे प्रोसेसर २०१७ च्या उत्तरार्धात आले, त्यामुळे त्याआधीचे बहुतेक सगळे लॅपटॉप धडधाकट असूनही या रेषेच्या अलीकडे राहिले.

माझा लॅपटॉप त्यांपैकीच एक. २०१६ सालचा, सहाव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क. कीबोर्डवरची दोन-तीन अक्षरे पुसली गेली आहेत, बाकी तक्रार करावी असे त्यात काही नाही. मुदत संपायची वाट न पाहता मी मे २०२५ मध्ये त्यावर लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली आणि तेव्हापासून माझे रोजचे सगळे काम त्यावरच चालते. हे परीक्षण त्या आठ महिन्यांच्या वापराचे आहे, दोन दिवस हाताळून पाहिल्याचे नव्हे. हे मुद्दाम सांगतो, कारण लिनक्सविषयीचे बहुतेक कौतुक पहिल्या दोन दिवसांतले असते आणि बहुतेक शिव्याही.

लिनक्सच्या वितरणांची, म्हणजे वेगवेगळ्या मंडळींनी मांडलेल्या त्याच्या तयार रूपांची, संख्या नवख्या माणसाला घाबरवून सोडणारी आहे. त्यातून मिंटच का निवडले, याचे उत्तर त्याच्या वंशावळीत आहे. १९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियनवर २००४ मध्ये उबुंटू उभे राहिले आणि उबुंटूवर २००६ मध्ये क्लेमां लफेव्र यांनी मिंट उभे केले. म्हणजे पाया जुना आणि पारखलेला, वरचे घर तेवढे मिंटवाल्यांनी आपल्या पद्धतीने मांडलेले. प्रत्येक आवृत्तीला एका स्त्रीचे नाव असते आणि ते 'आ'कारान्त असते. पहिली ‘एडा’ होती; मी बसवली ती २२.१ म्हणजे ‘झिया’, आणि सप्टेंबर २०२५ पासून वापरतो आहे ती २२.२ म्हणजे ‘झारा’. नावांची गंमत सोडली तरी महत्त्वाचा मुद्दा असा, की २२ ही संपूर्ण मालिका उबुंटू २४.०४ या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर आधारलेली असून तिला एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षेची अपडेट मिळणार आहेत. तोवर तेरा वर्षांच्या होणाऱ्या लॅपटॉपला तेवढे आयुष्य पुरेसे आहे; त्याआधी त्याच्या बिजागऱ्यांनीच हात टेकले नाहीत म्हणजे मिळवली.

मिंट तीन रूपांत मिळते: सिनॅमन, माते आणि एक्सएफसीई. पहिले देखणे आणि सर्वांत भरघोस, तिसरे सर्वांत हलके. ८ जीबी रॅम असेल तर विचार न करता सिनॅमन घ्यावे. ४ जीबी असेल तर एक्सएफसीई घेतलेले बरे, कारण खरी मेमरी ब्राउझर खातो आणि त्याच्यासाठी जितकी जागा शिल्लक राहील तितकी हवीच असते. किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी डिस्क एवढ्यावर मिंट चालते, असे मिंटवाले स्वतः सांगतात. चालेलही, पण आजच्या वेबसाइटी त्या २ जीबीत मावत नाहीत, ही अडचण मिंटची नव्हे.

मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे सगळी सिस्टिम एकत्र बांधलेली एकच फाइल, सुमारे ३ जीबीची आहे. ती उतरवून झाल्यावर एक कंटाळवाणे काम करावे लागते आणि ते टाळू नये, असा माझा आग्रह आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली होती आणि मिंट १७.३ च्या सिनॅमन आवृत्तीचा दुवा चोरदरवाजा असलेल्या बनावट फाइलकडे वळवण्यात आला होता. मिंटच्या मंडळींनी ती गोष्ट लपवली नाही; स्वतःच जाहीर केली, संकेतस्थळ काही काळ बंद ठेवले, आणि फाइल पडताळण्याच्या सूचना तेव्हापासून ठळक जागी आल्या. ही पडताळणी म्हणजे उतरवलेल्या फाइलचा एसएचए-२५६ ठसा काढायचा आणि अधिकृत यादीतल्या ठशाशी जुळवायचा. चौसष्ट अक्षरांची ती ओळ पूर्ण वाचत बसण्याचा धीर कोणाला नसतो, म्हणून मी पहिली सहा आणि शेवटची सहा अक्षरे जुळवतो, हे येथे कबूल करतो. संगणकाकडून पूर्ण जुळवणी करून घेणे अर्थातच जास्त चांगले, आणि त्याला वेळ लागतो तो एका मिनिटाहून कमी.

फाइल पेन ड्राइव्हवर (नुसती कॉपी न करता, त्यावरून यंत्र सुरू होईल अशी) लिहून लॅपटॉप त्यावरून सुरू केला की मिंट थेट पडद्यावर येते आणि हार्ड डिस्कला हातही लावत नाही. लाइव्ह सेशन म्हणतात ते हेच. नवी ऑपरेटिंग सिस्टिम घेण्याआधी ती आपल्या यंत्रावर चालवून बघता येणे ही सोय मला आजही विलक्षण वाटते. या टप्प्यावर घाई करू नये. आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, पडदा मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, उजेड कमीजास्त करणारी बटणे चालतात का, हे सगळे येथेच तपासून घ्यावे. माझ्याकडे सगळे चालले, फक्त वाय-फाय चालेना. यादीत एकही नेटवर्क दिसत नव्हते. लॅपटॉपमधली वाय-फायची चिप अशा एका कंपनीची निघाली जी आपला ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारे सॉफ्टवेअर, खुला करत नाही. यावर उपाय सोपा आहे, पण तो माहीत असावा लागतो: फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू केले की इंटरनेट मिळते, मग ड्रायव्हर मॅनेजर नावाचे खिडकीतले छोटे साधन योग्य ड्रायव्हर स्वतः शोधून देते.

येथे एक गमतीदार अडथळा आला, आणि तो ज्याला येईल तो हमखास गोंधळेल, म्हणून सविस्तर सांगतो. सिक्युअर बूट चालू असेल तर असा बाहेरचा ड्रायव्हर बसवताना मिंट एक पासवर्ड ठरवायला सांगते. हा आपला नेहमीचा पासवर्ड नव्हे. फक्त एकदाच वापरायचा असतो. त्यानंतर लॅपटॉप पुन्हा सुरू केला की मिंट येण्याच्या आधी एक निळा पडदा येतो, जुन्या काळच्या बायोससारखा, आणि ‘एमओके’ अशी तीन अक्षरे दाखवतो. तेथे दहा सेकंदांत कोणतेही बटण दाबून, नोंदणीचा पर्याय निवडून तो पासवर्ड द्यायचा असतो. मी पहिल्या वेळी तो पडदा पाहून काहीतरी बिघडले असे समजलो आणि हात मागे घेतला. दहा सेकंद संपले, लॅपटॉप मुकाट्याने सुरू झाला, ड्रायव्हर बसलेला दिसत होता आणि वाय-फाय मात्र तसेच मेलेले. कारण समजायला माझी एक संध्याकाळ गेली. दुसऱ्या वेळी सगळी प्रक्रिया वीस सेकंदांची होती.

प्रत्यक्ष इन्स्टॉल करणे हा या साऱ्यातला सर्वांत सोपा भाग आहे. भाषा, कीबोर्ड, कालविभाग, नाव आणि पासवर्ड एवढे विचारून काम सुरू होते. विचार करायचा तो एकाच प्रश्नावर: विंडोजच्या शेजारी बसवायचे की संपूर्ण डिस्क पुसून. शेजारी बसवणार असाल तर दोन गोष्टी आधी करा. विंडोजमधील डिस्क बिटलॉकरने बंद केलेली असल्यास तिची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, आणि विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा, कारण ते चालू असताना विंडोज पुरते बंद होत नाही, अर्धवट झोपते, आणि मिंटला त्याच्या फायली नुसत्या वाचता येतात, बदलता येत नाहीत. मी पूर्ण पुसण्याचा मार्ग घेतला. एका घरात दोन संसार ठेवले की जुन्या घराच्या ओढीने माणूस नव्यात कधी रुळत नाही, असा माझा स्वतःविषयीचा अनुभव आहे.

आता वेगाविषयी. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकले आणि तो विजेसारखा पळू लागला, असे जे सर्रास सांगितले जाते त्यात अर्धवट सत्य असते. मी पहिले तीन आठवडे मुद्दाम जुन्याच हार्ड डिस्कवर मिंट चालवले. लॅपटॉप सुरू होऊन हाताशी यायला दीड मिनिटाच्या वर लागत असे आणि लिबरऑफिस हा मोफत ऑफिस संच पहिल्यांदा उघडताना डिस्कचा खरखर आवाज ऐकत बसावे लागे. आधीच्यापेक्षा बरे होते, कारण आपण काही करत नसताना डिस्क शंभर टक्के गुंतलेली दिसणे थांबले. पण ‘विजेसारखे’ नक्कीच नव्हते. मग हार्ड डिस्क काढून तेथे एसएसडी बसवली, आणि तेव्हा खरा फरक पडला. कोणी मिंटच्या वेगाची वाहवा करत असेल तर त्याने त्याच दिवशी एसएसडीही बसवली होती का, हे जरूर विचारावे. श्रेयाची वाटणी करायची झाली तर मी दोनतृतीयांश एसएसडीला देईन. मिंटचे श्रेय दुसरे आहे: सुरू झाल्यावर काहीही न उघडता ते १ जीबीच्या आसपासच मेमरी घेते आणि नंतर आपल्या नकळत काही उद्योग करत राहत नाही. पंखा दिवसदिवस ऐकू येत नाही, हे मला वेगापेक्षा जास्त मोलाचे वाटते.

रोजच्या वापरात सिनॅमनची मांडणी कोणालाही चटकन कळेल अशी आहे. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. मेनूत जाहिरात नाही, बातम्यांची सरमिसळ नाही, आपण न मागितलेला खेळ नाही. ऑनलाइन खाते उघडा असे ते एकदाही म्हणत नाही. अपडेट आली की उजव्या कोपऱ्यातल्या ढालीच्या चिन्हावर छोटा ठिपका दिसतो. यादी उघडली की काय बदलणार, किती एमबी उतरणार हे सगळे कळते, आणि कधी बसवायचे ते आपण ठरवतो. काम चालू असताना अपडेट बसवले तरी ते मध्येच लॅपटॉप बंद करून सुरू करत नाही. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, बदलला असेल तर सवडीने रीस्टार्ट करा, एवढीच सूचना मिळते. सप्टेंबरमध्ये २२.१ वरून २२.२ वर जाण्यासाठीही वेगळी फाइल उतरवावी लागली नाही. त्याच खिडकीच्या ‘एडिट’ मेनूत तो पर्याय आला आणि पाऊण तासाच्या आत झारा आली. तिच्याबरोबर बोटाच्या ठशाने लॉगिन करण्याचे ‘फिंगविट’ नावाचे साधनही आले. माझ्या लॅपटॉपला ठसा घेणारी पट्टीच नसल्याने त्यावर मी मत देत नाही.

मिंटमधील सर्वांत उपयोगी गोष्ट कोणती असे विचारले तर मी सिस्टिमला आधीच्या अवस्थेत परत नेणाऱ्या टाइमशिफ्टचे नाव घेईन, आणि ते मला चुकीची किंमत मोजून कळले आहे. जूनमध्ये एका जुन्या प्रोग्रामसाठी पायथन या भाषेची वेगळी आवृत्ती हवी होती. आधीची काढून नवी घालावी, या सरळ वाटणाऱ्या विचाराने मी टर्मिनलमध्ये काढून टाकण्याची आज्ञा दिली. मिंटने जे जे काढले जाणार आहे त्याची पानभर यादी दाखवली आणि पुढे जाऊ का, असे विचारले. मी यादी न वाचता ‘वाय’ दाबले. त्या यादीत सिनॅमन स्वतः होते, कारण त्याचे अनेक भाग पायथनवरच उभे आहेत. पुढच्या वेळी लॅपटॉप सुरू झाला तो काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव विचारत. चूक शंभर टक्के माझी. पण पेन ड्राइव्हवरून लाइव्ह सेशन सुरू करून त्यातल्या टाइमशिफ्टला आदल्या दिवशीचा स्नॅपशॉट दाखवला आणि त्याने वीस मिनिटांत सगळे पूर्ववत केले, वॉलपेपरसुद्धा तोच. स्नॅपशॉट पहिल्या वेळी बरीच जागा घेतो, त्यापुढचे मात्र फक्त बदललेल्या फायलींपुरते वाढतात. एक सावधगिरी बाळगावी: टाइमशिफ्ट ठरावीक मांडणीत फक्त ऑपरेटिंग सिस्टिम जपते, आपली छायाचित्रे आणि कागदपत्रे नव्हे. त्यांच्यासाठी बाहेरच्या डिस्कवर वेगळी प्रत ठेवणे भाग आहे. हे न कळल्यामुळे निर्धास्त झालेली माणसे मी पाहिली आहेत.

मराठीत लिहिणाऱ्याच्या दृष्टीने मिंट कसे आहे, हा प्रश्न परीक्षणांत क्वचितच येतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. इन्स्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची प्रमाण कीबोर्ड-मांडणी येणाऱ्यांना काहीच अडचण नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट जोडायचा आणि पट्टीवरच्या छोट्या चिन्हाने इंग्रजी-मराठी बदलत राहायचे. शिफ्टसह ‘एन’ दाबले की ‘ळ’ येतो, आणि शिफ्टसह ‘जे’, मग ‘डी’, मग तिरक्या रेघेची कळ असे दाबले की ‘ऱ्य’ उमटतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हा फरक ज्या यंत्रावर टाइप करता येत नाही त्यावर मराठी लिहिता येते असे मी मानत नाही. मिंट या परीक्षेत पहिल्याच झटक्यात उत्तीर्ण झाले. रोमन अक्षरांवरून मराठी टाइप करणाऱ्यांना मात्र थोडी खटपट करावी लागते. मेनूतील ‘इनपुट मेथड’ मधून आयबस बसवायचे, एम१७एन हा संच जोडायचा आणि लॉग आउट होऊन परत यायचे. तेवढे केल्यावरही, आपण अर्धे लिहिताच पूर्ण शब्द सुचवणाऱ्या फोनच्या कीबोर्डाची सवय असलेल्याला हे जुनाट वाटेल, कारण येथे शब्द सुचवला जात नाही. दीर्घ स्वर आणि मूर्धन्य वर्णांसाठी कॅपिटल अक्षरे स्वतः लक्षात ठेवावी लागतात. या एका बाबतीत मिंट मागे आहे, आणि ज्यांचे दिवसभराचे काम मराठी टायपिंगचेच आहे त्यांनी लाइव्ह सेशनमध्ये हे आधी करून पाहावे.

अक्षरांच्या वळणाची गोष्ट निराळी. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळण हिंदीतल्या रूपांपेक्षा वेगळे असते, हे मराठी वाचकाला शिकवायला नको. युनिकोडमध्ये मात्र दोन्हींचा क्रमांक एकच आहे, त्यामुळे कोणते रूप दिसायचे ते फॉन्टने ठरवायचे असते. लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली आणि फॉन्टमध्ये तशी सोय असली तर ही रूपे आपोआप आपल्या वळणाची होतात. मी एक जुना लेख उघडून भाषेची नोंद हिंदीवरून मराठी केली तेव्हा पानभर ‘ल’ एकाच क्षणी गाठ मारल्यासारखे वळले. ते पाहताना झालेला आनंद वस्तूच्या परीक्षणात बसत नाही, तरी नोंदवतो.

लिबरऑफिसविषयी बाकी मत संमिश्र आहे. २०१० मध्ये ओपनऑफिसपासून फुटून निघालेला हा संच आपले स्वतःचे लेखन, हिशेबाचे तक्ते आणि सादरीकरणे यांसाठी भक्कम आहे. अडचण येते ती दुसऱ्याने वर्डमध्ये केलेली फाइल उघडताना. साधा मजकूर ठीक येतो. तक्त्यात तक्ता, त्यात चित्र, बाजूला टिपण असे काही असेल तर पाने सरकतात. यातला अर्धा गोंधळ फॉन्ट नसल्यामुळे होतो: कॅलिब्री आणि कॅंब्रिया यांच्या मापाशी जुळणारे कार्लिटो आणि कॅलाडिया हे मुक्त फॉन्ट यंत्रावर आहेत याची खात्री केली की ओळी बऱ्याच अंशी जागेवर येतात. उरलेल्या अर्ध्यासाठी मी ब्राउझरमधले वर्ड वापरतो. ज्यांना मॅक्रोंनी भरलेल्या एक्सेल फायली रोज हाताळाव्या लागतात, किंवा ज्यांचे पोट फोटोशॉपवर आहे, त्यांनी मिंटच्या वाटेला जाऊ नये; ‘वाईन’ नावाच्या साधनाच्या आधाराने विंडोजचे काही प्रोग्राम चालतात हे खरे असले तरी पोटापाण्याचे काम अशा आधारावर ठेवणे शहाणपणाचे नाही.

सॉफ्टवेअर मॅनेजर हे दुकान चांगले आहे आणि तेथे मिंटचा हट्टी स्वभाव दिसतो. उबुंटूने स्वीकारलेली प्रोग्राम पुरवण्याची ‘स्नॅप’ पद्धत मिंटने २०२० मधील २० व्या आवृत्तीपासून बंद ठेवली, कारण उबुंटूमध्ये क्रोमियम ब्राउझर नेहमीच्या पद्धतीने मागितला तरी वापरकर्त्याला न विचारता स्नॅप बसवला जाऊ लागला होता. त्याऐवजी ‘फ्लॅटपॅक’ या दुसऱ्या पद्धतीने बांधलेले प्रोग्राम मिळतात, आणि २२ व्या आवृत्तीपासून ज्यांच्या निर्मात्यांची खात्री पटलेली नाही असे फ्लॅटपॅक आपण सेटिंग बदलल्याशिवाय यादीत दिसतच नाहीत. हा निर्णय मला पटतो. त्यामुळे काही लोकप्रिय प्रोग्राम पहिल्या शोधात सापडत नाहीत आणि नवखा माणूस ते नाहीतच असे समजतो, ही त्याची दुसरी बाजू. वॉर्पिनेटर या साधनाचा उल्लेख करायलाच हवा: एकाच वाय-फायवरील दोन संगणकांत कोणत्याही खात्याशिवाय, केबलशिवाय फायली पाठवता येतात, आणि दोन्ही बाजूंना ते उघडले की समोरचा संगणक आपोआप दिसतो.

प्रिंटरचे म्हणाल तर गेल्या काही वर्षांतले नेटवर्कवरचे बहुतेक प्रिंटर कोणताही ड्रायव्हर न मागता चालतात, आणि माझाही चालला. त्याच यंत्रातला स्कॅनर मात्र हट्टाला पेटला. बनवणाऱ्या कंपनीने लिनक्ससाठी दिलेले सॉफ्टवेअर बरेच जुने आहे आणि नव्या आवृत्तीवर बसायला तयार नाही. शेवटी मी फोनवरून स्कॅन करून वॉर्पिनेटरने लॅपटॉपवर घेऊ लागलो. याला उपाय म्हणता येणार नाही, तडजोड म्हणावे.

मिंटच्या स्वतःच्या उणिवा सांगायच्या तर सिनॅमन अजूनही पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या एक्स-११ या पायावर चालते. वेलँड हा नवा पाया जानेवारी २०२४ मधील २१.३ पासून प्रयोगादाखल उपलब्ध असला तरी तो रोजच्या वापराचा झालेला नाही. ज्याच्याकडे एकच साधा पडदा आहे त्याला हा फरक कधी कळणारही नाही, पण लॅपटॉपचा बारीक पडदा आणि शेजारी मोठा मॉनिटर अशी वेगवेगळ्या मापांची जोडी असेल तर एकावर अक्षरे योग्य आणि दुसऱ्यावर बटबटीत असा प्रकार होतो. बॅटरीही फार काही वाढली नाही, पण माझी बॅटरी मुळातच थकलेली असल्याने त्यावरून निकाल देणे अन्यायाचे होईल. आणि अडल्यास फोन करावा असा कोणताही क्रमांक नाही. उत्तरे मिळतात ती इतर वापरकर्त्यांकडून, बहुधा चांगली आणि सविस्तर, पण आपला प्रश्न इंग्रजीत नीट मांडता आला तरच. घरात किंवा ओळखीत निदान एक जाणकार माणूस असावा, असे मी ज्या कोणाला मिंट सुचवतो त्याला आधीच सांगतो.

माझ्या आईच्या बाबतीत तो जाणकार मीच. ऑगस्टमध्ये तिच्या जुन्या लॅपटॉपवरही मिंट टाकले. तिचे काम ब्राउझर, फोटो आणि व्हिडिओ कॉल एवढेच असल्याने पट्टीवर तीन मोठी चिन्हे लावून दिली आणि बाकी मेनू तिला दाखवलाच नाही. चार दिवसांनी तिने विचारले, “अरे, ते सारखं वर येऊन काहीतरी विचारायचं, ते कुठे गेलं?” मी म्हटले, “आई, ते आता नाही येणार.” तिने चष्मा पुसून पुन्हा पडद्याकडे पाहिले आणि विचारले, “मग बिघडलं तर कळणार कसं?” तिच्या या प्रश्नावर माझ्याकडे बराच वेळ उत्तर नव्हते. शेवटी मी अपडेट आपोआप बसतील अशी सोय केली आणि त्या ढालीच्या चिन्हाकडे बोट दाखवून सांगितले की येथे काही लाल किंवा केशरी दिसले तर मला फोन कर. अजून आलेला नाही.